पार्ट बदलल्यावर पीसी चालू होत नाही? आधी तो कुठे अडलाय ते शोधा

रॅम वाढवली, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलला, किंवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही नवे घातले. सगळं जोडून बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. नाहीतर पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली. किंवा मशीन दोन सेकंद चालू, मग बंद, परत चालू, परत बंद. ओळखीच्यांचे असे फोन मला सारखे येतात आणि त्यातलं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "नवीन पार्टच खराब आलाय."

बहुतेक वेळा तो खराब नसतो. एक पार्ट बदलताना आपला हात कॅबिनेटमध्ये दहा ठिकाणी लागतो. ग्राफिक्स कार्ड काढताना रॅमवर कोपर टेकतं, केबल बाजूला सारताना दुसरी केबल अर्धी निघते, कूलर परत बसवताना एका बाजूचा स्क्रू जास्त आवळला जातो. मी उघडलेल्या अशा मशीनांमध्ये दोष नव्या पार्टात निघाला त्यापेक्षा त्याच्या शेजारी निघाला असं जास्त वेळा झालंय. म्हणून पार्ट परत पाठवण्याआधी एक संध्याकाळ शांतपणे द्या.

आणि पहिली गोष्ट, "चालू होत नाही" एवढ्यावर थांबू नका. ही एक तक्रार नाही, त्यात चार वेगवेगळे आजार आहेत. एकही दिवा लागत नाही, पंखा हलत नाही, हा एक. क्षणभर चालू होऊन बंद पडतो, हा दुसरा. पंखे फिरत राहतात पण डिस्प्ले येत नाही, हा तिसरा. आणि लोगो दिसतो, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाता येतं, पण विंडोज येत नाही, हा चौथा. चौथ्या प्रकारात रॅम काढून पुसत बसणारे आणि पहिल्या प्रकारात विंडोज परत टाकायला निघालेले, दोघेही मी पाहिलेत. आपलं मशीन यातल्या कुठल्या पायरीवर थांबलंय ते आधी ठरवा, निम्मा शोध तिथेच संपतो.

हात घालण्यापूर्वी एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करा, पॉवर केबल काढा आणि कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मदरबोर्डवरचा छोटा दिवा विझला की मगच आत हात घाला, आणि आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. एसएमपीएसचं स्वतःचं खोकं मात्र कधीही उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये केबल काढल्यानंतरही जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

एकही दिवा लागत नाही

एसएमपीएसच्या मागे उभी रेघ आणि गोल अशी खूण असलेला स्विच असतो. रेघ म्हणजे चालू. पार्ट बदलताना आपणच तो बंद केलेला असतो आणि नंतर विसरतो. तो बघा, मग मदरबोर्डला जाणारा २४ पिनांचा मोठा प्लग बघा. नवा प्लग चांगलाच घट्ट असतो, आणि अर्धा बसलेला असूनही पूर्ण बसल्यासारखा दिसतो. त्याच्या बाजूची पट्टी खट्‌कन अडकली पाहिजे.

पीसी बंद असतानाही एसएमपीएस जांभळ्या तारेतून ५ व्होल्ट सतत देत असतो. बऱ्याच मदरबोर्डांवर त्यावर जळणारा एखादा छोटा दिवा असतो. तो लागलाय पण बटण दाबून काही होत नाही, तर संशय कॅबिनेटच्या बटणावर आणि त्याच्या दोन बारीक तारांवर घ्या. ते बटण काय करतं? मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडतं, एवढंच. मॅन्युअलमध्ये 'पॉवर स्विच' म्हणून दाखवलेल्या त्या दोन पिना शोधा, वरचा प्लग काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिनांना एकदम, क्षणभर स्पर्श करा. मशीन चालू झालं तर तुमचे सगळे महागडे पार्ट ठीक आहेत, तारा चुकीच्या पिनांवर बसल्या होत्या किंवा बटण गेलंय. बटणाच्या तारा उलट्या लागल्या तरी फरक पडत नाही. दिव्याच्या तारांना मात्र प्लस-मायनस असतो, पण त्या उलट्या लागल्या तर फक्त दिवा लागणार नाही.

दिवाच लागला नाही तर एसएमपीएस एकटा तपासायचा. २४ पिनांच्या प्लगमधली १६ नंबरची पिन, म्हणजे रंगीत तारा असतील तर हिरवी, कुठल्याही काळ्या तारेला जोडली की एसएमपीएस चालू होतो. आधी प्लग मदरबोर्डमधून काढा, वीज बंद असताना वायरचा तुकडा घाला आणि मग स्विच चालू करा. हल्ली बऱ्याचदा सगळ्या तारा काळ्याच येतात, तेव्हा पिनांची आकृती समोर असल्याशिवाय हे करू नका. शिवाय या चाचणीतून एसएमपीएस जिवंत आहे एवढंच कळतं. लोड आल्यावर तो टिकेल की नाही हे कळत नाही. आणि काही एसएमपीएसचा पंखा गरम होईपर्यंत फिरतच नाही, म्हणून नुसता पंखा बघून तो मेला असं ठरवू नका.

क्षणात चालू, क्षणात बंद

इथे घड्याळ बघा. मशीन दर वेळी बरोबर चार-पाच सेकंदांनी बंद होत असेल तर कॅबिनेटचं बटण आत अडकलंय का ते आधी पाहा. बटण दाबून धरल्यावर मशीन जबरदस्तीने बंद होतं, तेच इथे आपोआप घडत असतं. रिसेटचं बटण अडकलं असेल तर मशीन सुरूच होणार नाही किंवा रीस्टार्ट होत राहील. दोन्ही प्लग काढून स्क्रू ड्रायव्हरने सुरू केलं की लगेच उलगडा होतो.

एका सेकंदाच्याही आत झटका देऊन बंद होत असेल तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. एसएमपीएस चालू झाल्यावर सगळे व्होल्टेज स्थिर झालेत असा एक सिग्नल तो साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत मदरबोर्डला देतो. तो मिळाल्याशिवाय प्रोसेसर कामाला लागत नाही. शॉर्ट असेल तर एसएमपीएस त्याआधीच स्वतःला वाचवायला बंद होतो. नवा मदरबोर्ड जुन्या कॅबिनेटमध्ये बसवला असेल तर खालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब, मोजा. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा स्टँडऑफ राहिला असेल तर तो बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकतो. खाली पडलेला स्क्रूही हेच करतो. खात्री करायची तर बोर्ड बाहेर काढा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि तिथे सुरू करून पाहा. तो ज्या चकचकीत पिशवीत येतो तिच्यावर ठेवून सुरू करू नका, ती पिशवी थोडी वीज वाहते.

८ पिनांचे दोन प्लग दिसायला जुळ्या भावांसारखे असतात. प्रोसेसरचा प्लग ४ अधिक ४ असा फुटतो, ग्राफिक्स कार्डाचा ६ अधिक २ असा. दोघांमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या रांगा एकमेकांच्या उलट आहेत. खाचा वेगळ्या असल्याने चुकीचा प्लग सहज जात नाही, पण जोर लावून घुसवणारे असतात. प्लग अडतोय असं वाटलं तर हात थांबवा आणि कोणता आहे ते वाचा.

आता केबलचीच एक गोष्ट. ही मी दर वेळी सांगतो, कारण यात परत मिळवता येत नाही असं काही जाऊ शकतं. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल निघतात. नवा एसएमपीएस आणला, जुन्या केबल आधीच नीट बांधून लावलेल्या आहेत, प्लगही बसतो, मग त्याच राहू देत असं वाटणं स्वाभाविक आहे. एका मित्राने असंच केलं. केबलचं डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखंच असतं, पण एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला कुठली पिन कशासाठी याचं ठरलेलं मापच नाही. कंपनीगणिक ते बदलतं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. त्याच्या हार्ड डिस्कला ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले. दोन्ही डिस्क जळाल्या आणि त्यात मुलीच्या जन्मापासूनचे फोटो होते. दुसरी प्रत नव्हती. एसएमपीएस बदलताय तर सगळ्या केबल त्याच्याच खोक्यातल्या लावा. एक तास जास्त गेला तरी चालेल.

याच प्रकारात एक गोष्ट आजारासारखी दिसते पण आजार नसते. रॅम किंवा प्रोसेसर बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना मदरबोर्ड स्वतःहून एकदा-दोनदा बंद-चालू होतो. डीडीआर५ रॅम असेल तर बोर्ड ती रॅम ओळखून तिची वेळ जुळवत बसतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात, आणि त्यात काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. घाबरून मध्येच वीज बंद केली की पुढच्या वेळी तेच पहिल्यापासून. पहिल्या खेपेला मशीनला दहा मिनिटं द्या.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. आधी मॉनिटरची केबल कुठे लागलीय ते बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डाला लागली पाहिजे, मदरबोर्डाला नाही. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: तपासणीसाठी कार्ड काढून केबल मदरबोर्डाला लावली, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यात ते नसतं. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत नावात 'जी' नसेल तर सहसा नसतं. रायझन ७००० च्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये कामचलाऊ ग्राफिक्स आलं, पण तिथेही नावाशेवटी 'एफ' असेल तर नाही. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर लावून मदरबोर्डाच्या पोर्टातून चित्राची वाट बघण्यात लोकांचे दोन-दोन दिवस गेलेत.

मग मदरबोर्डाच्या कडेला प्रोसेसर, रॅम, व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स) आणि बूट असे चार छोटे दिवे आहेत का ते पाहा. ज्या दिव्यावर मशीन थांबतं तिथे शोध सुरू. दिवे नसतील तर साधा छोटा बीप स्पीकर लावा. किती बीप म्हणजे काय हे बायोसप्रमाणे बदलतं, म्हणून आपल्या बोर्डाच्या मॅन्युअलमधलाच तक्ता वाचा.

रॅमचा दिवा असेल तर सगळ्या स्टिक काढा आणि एकच स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर एका स्टिकची जागा तीच असते, आणि दोन असतील तर दुसरा आणि चौथा स्लॉट. हल्ली अनेक बोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला क्लिप असते. त्या टोकाला आवाज आला म्हणून आपण थांबतो आणि दुसरं टोक केसभर वर राहतं. दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा, वाटतो त्यापेक्षा जास्त जोर लागतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींच्या पिना २८८ च आहेत, पण खाच वेगळ्या जागी आहे. स्टिक अडत असेल तर जोर वाढवू नका, प्रकार तपासा.

एक स्टिक चालते, दुसरीही एकटी चालते, पण ठरावीक दोन स्लॉटमध्ये कुठलीच चालत नाही, असं दिसलं तर रॅमला दोष देऊ नका. रॅमच्या तारा थेट प्रोसेसरला जातात. सॉकेटमधली, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेतली, एखादी पिन वाकली असेल, किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळून प्रोसेसर किंचित कलला असेल, तर रॅमचा एक चॅनल, म्हणजे दोन स्लॉटचा मार्ग, गायब होतो. आधी कूलरचे स्क्रू सैल करून पाहा, फुकटचा उपाय आहे. फरक पडला तर समोरासमोरच्या कोपऱ्यांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. नाही पडला तर प्रोसेसर काढून टॉर्चच्या तिरप्या उजेडात सॉकेट बघा. सगळ्या पिनांची चमक एकसारखी दिसली पाहिजे, एखादी वेगळी चमकली तर तीच वाकलेली. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर पिना प्रोसेसरलाच असतात, आणि कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, कूलर डावी-उजवीकडे हळूच फिरवा, पेस्ट सुटली की मग उचला.

प्रोसेसरचा दिवा लागला तर सर्वात आधी वरच्या कोपऱ्यातला ८ पिनांचा प्लग बघा. तो राहिला की पंखे छान फिरतात आणि बाकी काहीही होत नाही. केबल कॅबिनेटच्या मागून आणावी लागते म्हणून ती शेवटी लावायची ठरते आणि राहून जाते. प्लग बसलेला असेल तर बायोसचा विचार करा. सॉकेट जुळला म्हणजे प्रोसेसर चालेल असं नाही. एएमडीचे बी४५० बोर्ड २०१८ चे, रायझन ५००० मालिका २०२० च्या शेवटी आली, सॉकेट एकच, पण नवा बायोस टाकल्याशिवाय तो बोर्ड हा प्रोसेसर ओळखत नाही. इंटेलच्या ६०० मालिकेच्या बोर्डांवर १३ व्या पिढीचा प्रोसेसर घालताना तेच. आणि आठव्या पिढीचा प्रोसेसर २०० मालिकेच्या बोर्डावर बसतो, पण कंपनीने दिलेल्या कुठल्याच बायोसवर चालत नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, कुठला प्रोसेसर कुठल्या बायोसपासून हेही तिथे लिहिलेलं असतं. तुमच्या बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर जुना प्रोसेसर हाताशी नसतानाही काम होतं: एफएटी३२ पेनड्राइव्ह, सांगितलेल्या नावाची फाइल, खूण केलेला यूएसबी पोर्ट. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाऊ देऊ नका.

व्हीजीएचा दिवा असेल तर कार्ड काढून परत बसवा आणि त्याची वेगळी पॉवर केबल लावलीय का ते पाहा. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ६ पिनांच्या प्लगमधून आणखी ७५, ८ पिनांच्यामधून १५०. मोठं कार्ड नुसत्या स्लॉटवर उठत नाही.

यातल्या कुठल्याही वाटेवर असताना बायोस एकदा रिसेट करून घ्या. जुन्या रॅमसाठी निवडलेली एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी) सेटिंग नव्या रॅमला झेपत नाही, आणि मशीन तिथेच अडतं. वीज पूर्ण काढा, नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेला जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) वापरा. बॅटरी बरीच वर्षं जुनी असेल तर नवीच घाला.

तरीही काही हाती लागलं नाही तर सगळं उतरवा. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅमची एक स्टिक, एसएमपीएस, एवढंच ठेवा, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड. डिस्क नको, यूएसबी नको, पुढच्या पॅनलच्या तारा नकोत. डिस्प्ले आला की एकेक वस्तू जोडा आणि प्रत्येकीनंतर सुरू करून बघा. दोन एकदम नाही. कंटाळवाणं आहे, पण मला आजवर याहून भरवशाची पद्धत मिळालेली नाही. आणि जुना पार्ट अजून हाताशी असेल तर तो परत लावून पाहा. जुन्या पार्टावरही मशीन सुरू होत नसेल तर नवा पार्ट निर्दोष सुटला.

लोगो येतो, विंडोज येत नाही

इथवर आलात तर नवे पार्ट बोर्डाने ओळखलेत, आता प्रश्न बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. बायोसमध्ये डिस्क दिसते का? दिसत नसेल आणि तुम्ही नवा एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी डिस्क) घातला असेल, तर मॅन्युअल काढा. काही बोर्डांवर एम.२ चा ठरावीक स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट (केबलवाल्या डिस्कचे) बंद होतात. डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टात घातली की झालं. डिस्क दिसते पण बूट होत नाही, तर विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेली आहे आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय ही नवी पद्धत मानतोय, असं असू शकतं. बायोसमधली सीएसएम, म्हणजे जुनी पद्धत चालू देणारी सेटिंग, चालू करून पाहा. निळ्या स्क्रीनवर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर डिस्कचा मोड, म्हणजे एएचसीआय, रेड किंवा व्हीएमडी, पूर्वी होता तोच ठेवा.

एएमडीच्या बोर्डावर प्रोसेसर बदलल्यावर काळ्या स्क्रीनवर एफटीपीएम (प्रोसेसरमधला किल्ल्या जपणारा टीपीएम) रिसेट करायचा का, 'वाय' की 'एन', असा प्रश्न येतो. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असलेल्या मशीनवर इथे घाईने 'वाय' दाबू नका. डिस्कची किल्ली जुन्या प्रोसेसरमधल्या टीपीएमशी बांधलेली असते, आणि पुढे विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं काहीच उघडत नाही. बऱ्याच जणांची की त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, फोनवरून आधी ती काढून कागदावर लिहा. प्रोसेसर किंवा बोर्ड अजून बदलायचा असेल तर काम सुरू करण्यापूर्वीच विंडोजमधून बिटलॉकर तात्पुरतं थांबवा.

मशीन सुरू झालं की कॅबिनेटचं झाकण लगेच लावू नका. बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमान पाच मिनिटं बघा. काही न करता ते चढतच गेलं तर कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहिलीय, किंवा (पाण्याच्या कूलरच्या) पंपाची नाहीतर पंख्याची तार लागलेली नाही. मग एक्सएमपी परत चालू करा आणि रात्रभर रॅमची चाचणी लावा, कारण रोज सकाळी तिसऱ्या प्रयत्नात सुरू होणारं मशीन अनेकदा याच सेटिंगपाशी अडखळत असतं. एक्सएमपी बंद केल्यावर सकाळचा त्रास थांबला तर रॅमचा वेग एक पायरी खाली ठेवा. नाही थांबला, आणि एसएमपीएस जुनाच ठेवलेला असेल, तर दुसऱ्या कुणाचा तरी एसएमपीएस दोन दिवसांसाठी मागून आणा, त्याच्या सगळ्या केबलांसकट.